अठ्ठावन्न जणांची हजेरी

“एकोणीस नंबर,” शिपायानं दारातून तिसऱ्यांदा पुकारा केला, तेव्हा कल्याणीबाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या, “एकोणीस खाली कँटीनला गेलाय. वीस घ्या.”

वीस नंबर आत आला आणि तिसऱ्या बाकावर आपल्या जागी बसला. मग एकवीस, बावीस, तेवीस. प्रत्येक आरोपीच्या शर्टाला आकड्याची चिठ्ठी टाचलेली होती. चोवीसची जागा रिकामी होती. तो तीन वर्षांपूर्वी वारला, पण त्याचा आकडा कल्याणीबाईंनी दुसऱ्या कुणाला दिला नव्हता.

“बाई, तुम्ही एकोणीसला कँटीनला जाताना पाहिलंत?” न्यायाधीश सोवनींनी वरून विचारलं.

“नाही साहेब. त्याला डायबेटीस आहे. अकराच्या सुमाराला काहीतरी खावं लागतं त्याला.”

“असं. माझ्या गोळ्यांची वेळ मात्र मला घरी फोन करून विचारावी लागते,” सोवनी म्हणाले आणि पुढचा कागद ओढला.

कल्याणी गायसमुद्रे या सत्र न्यायालयात बेंच क्लार्क होत्या. न्यायाधीशांच्या खालच्या टेबलाशी बसायचं, पुकारे घ्यायचे, हजेरी मांडायची, कोर्टात दिवसभरात काय झालं याचा रोजनामा लिहायचा, आलेल्या प्रत्येक कागदाला निशाणी क्रमांक द्यायचा. वयाची पंचावन्न झाली होती आणि त्यातली एकतीस वर्षं याच कामात गेली होती. वडील रेल्वेत गँगमन. लातूरकडून पुण्यात आले ते रुळांबरोबरच. घरातली पहिली सरकारी खुर्ची कल्याणीबाईंना मिळाली. तिच्यावर त्या पाठ टेकून कधी बसल्या नाहीत. काम पुढे वाकूनच होतं, असं त्यांचं म्हणणं.

समोरचा खटला आंबेसरचा होता. आंबेसर हे खडकवासल्याच्या पलीकडचं, डोंगराच्या कुशीतलं गाव. अकरा वर्षांपूर्वी तिथं जयंतीची मिरवणूक मोठ्या आळीतून नेण्यावरून भांडण झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावातला जमाव बौद्ध वस्तीवर चालून गेला. चौदा घरं जाळली. तापानं घरात झोपून असलेला समाधान नावाचा सव्वीस वर्षांचा मुलगा आतच गेला. पोलिसांनी अठ्ठावन्न जणांवर दोषारोपपत्र ठेवलं. वकील एकवीस. साक्षीदार शंभरावर. एक आरोपी न कळवता गैरहजर राहिला की सगळ्यांचं काम थांबे. एका वकिलाचा पाय मोडला की महिना जाई. अकरा वर्षांत तीन न्यायाधीश झाले, दोन सरकारी वकील बदलले. कल्याणीबाईंचीही दोनदा बदली निघाली आणि दोन्ही वेळा न्यायाधीशांनी वर पत्र लिहून ती थांबवली.

आरोपींना आकडे आणि ठरलेल्या जागा देण्याची पद्धत त्यांचीच. त्याआधी पन्नाससाठ माणसं मागच्या भिंतीशी दाटीवाटीनं उभी राहायची आणि कोण कोण आहे हे कुणालाच कळायचं नाही.

एकेचाळीस नंबरच्या आरोपीनं, गावातल्या वीटभट्टीच्या मालकानं, एकदा मोठ्या वकिलाकरवी अर्ज दिला होता. बेंच क्लार्क या फिर्यादीच्याच समाजाच्या आहेत, तरी त्यांना या कामावरून हटवावं, असा. अर्ज फेटाळला गेला. पण त्या अर्जावर निशाणी क्रमांक घालून तो फाईलला व्यवस्थित लावला कल्याणीबाईंनीच. घरी त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. नवऱ्याला, उत्तरेश्वरना, ते दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

*

साक्षीपुरावा संपत आला तेव्हा सोवनींनी त्यांना एका शनिवारी व्याख्यानाला पाठवलं. एका विधी महाविद्यालयात परदेशातल्या एक निवृत्त अधिकारी बाई येणार होत्या. नरसंहाराचे खटले चालवणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात त्यांनी सोळा वर्षं कचेरीचं काम पाहिलं होतं. विषय होता, एकाच खटल्यात अनेक आरोपी असले तर काम कसं चालवावं.

“साहेब, माझं इंग्रजी बेताचं आहे,” कल्याणीबाई म्हणाल्या होत्या.

“त्यांच्या न्यायाधीशांचंही बेताचंच असतं म्हणतात. जा.”

सभागृहात वकील होते, विद्यार्थी होते. कल्याणीबाई शेवटून दुसऱ्या रांगेत बसल्या. बोलणाऱ्या बाई उंच, किरकोळ, पांढऱ्या केसांच्या होत्या. सहा आरोपी एका पिंजऱ्यात, चार वर्षं खटला, प्रत्येकाचा वकील वेगळा, एकाच साक्षीदाराला सहा वेळा उलटतपासणी, तीन भाषांतले दुभाषे. एकाला ताप आला की सहाजणांचं काम बंद. ऐकता ऐकता कल्याणीबाईंना हसू यायला लागलं. इतक्या लांब, एवढ्या मोठ्या कोर्टात, तीच डोकेदुखी.

बाई म्हणाल्या, गुन्हा एकच असतो, त्यामुळे सगळे आरोपी एकसारखे दिसायला लागतात. सहा आरोपी म्हणजे सहा खटले. आम्ही प्रत्येकाचा वेगळा कागद केला. कोणत्या साक्षीदारानं, कोणत्या दिवशी, नेमकं याच माणसाबद्दल काय सांगितलं. दुसऱ्याबद्दलचं एक अक्षर त्यावर येऊ दिलं नाही.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं. दोन वकिलांनी लांबलचक प्रश्न विचारले. मग कल्याणीबाई उभ्या राहिल्या आणि वाक्य मनात दोनदा जुळवून इंग्रजीत म्हणाल्या, “दोन आरोपींचं नाव एकच असेल तर काय करता?”

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. आमच्याकडे असं झालं होतं, त्या म्हणाल्या. नाव आणि बापाचं नाव जुळलं म्हणून एक माणूस चार महिने कोठडीत राहिला. तुरुंगाच्या कागदावर त्याची उंची जुळत नाही हे फायली लावणाऱ्या एका मुलीच्या लक्षात आलं. वकिलांच्या नाही, न्यायाधीशांच्या नाही.

“तुमच्याकडे किती आरोपी आहेत?” त्यांनी विचारलं.

“अठ्ठावन्न.”

“एका खोलीत?”

“मावतील तेवढे खोलीत. बाकीचे जिन्यात.”

सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत. हे सगळं तुम्ही कोणत्या सॉफ्टवेअरवर ठेवता, असं त्यांनी विचारलं. कल्याणीबाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “वही.”

चहाच्या वेळी बाई स्वतःहून त्यांच्याकडे आल्या आणि वही बघायला मागितली. वही अर्थातच कोर्टात होती. मग कल्याणीबाईंनी पेपर नॅपकिनवर रकाने काढून दाखवले. तारीख, आकडा, हजर, गैरहजर, कारण, अर्जाचा क्रमांक. बाईंनी तो नॅपकिन घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवला. धायरीच्या बसमध्ये कल्याणीबाईंना दांडेकर पुलाजवळ जागा मिळाली, पण बसावंसं वाटेना. घरापर्यंत त्या उभ्यानंच आल्या.

*

सोमवारी त्यांनी सोवनींना सांगितलं, “प्रत्येक आरोपीचा वेगळा कागद करायला हवा, साहेब. आता त्यांचे जबाब घ्यायचेत. ज्याच्याविरुद्ध जे आलंय तेवढंच त्याला विचारायला हवं.”

“अठ्ठावन्न कागद?”

“पंचावन्न. तीन वारले.”

“करा,” सोवनी म्हणाले. “माझ्या आधीचे दोघे हे काम मला ठेवून गेले, हा त्यांचा मोठेपणा.”

पाच आठवडे लागले. साक्षींच्या नकला घेऊन त्या रविवारीही जेवणाच्या टेबलाशी बसायच्या. अशाच एका रविवारी दुपारी त्या सदतीस नंबरच्या कागदावर आल्या.

सदतीस नंबर म्हणजे जयसिंग. एकेचाळीस नंबरही जयसिंग. आडनावही एकच, गावात निम्मी घरं त्याच आडनावाची. फक्त बापाचं नाव वेगळं. एकेचाळीस वीटभट्टीवाला. सदतीस दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर, त्याला वकीलही सरकारनं दिलेला, तो कधी यायचा, कधी नाही.

सदतीसविरुद्ध मोठी साक्ष एकच होती, चंद्रभागाबाईंची. समाधानची आई. तिनं सहा वर्षांपूर्वी कोर्टात सांगितलं होतं की रॉकेलचा डबा दारावर ओतणारा माणूस जयसिंग होता आणि तो आत्ता इथं आहे. तिनं बोट दाखवलं होतं. नोंद होती, ‘साक्षीदार आरोपी क्रमांक ३७ यास ओळखते.’ ही साक्ष उभी राहिली तर सदतीसला जन्मठेप होती.

कल्याणीबाईंनी सवयीनं साक्षीची तारीख हजेरीच्या नकलेशी ताडून पाहिली आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

त्या दिवशी सदतीस कोर्टात नव्हता. कावीळ झाली म्हणून गैरहजेरी माफीचा अर्ज होता, त्याला निशाणी क्रमांक होता, डॉक्टरांचं सर्टिफिकेट होतं. सगळं त्यांच्याच अक्षरात. एकेचाळीस हजर होता.

त्यांना तो दिवस आठवला. जागा ठरवण्याच्या आधीचे दिवस. भिंतीशी गर्दी. म्हातारीनं बोट दाखवलं, सगळे माना वळवून बघायला लागले, कुणीतरी यादीत जयसिंग शोधलं आणि पहिला सापडला तो आकडा सांगितला. त्या स्वतः चार हातांवर बसल्या होत्या.

उत्तरेश्वर दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. ते आतल्या खोलीतून चष्मा पुसत आले. “काय झालं? रंग का उडालाय?”

त्यांनी सांगितलं. उत्तरेश्वरांनी हजेरीची नक्कल जवळ ओढली.

“हे आणखी कुणाला दिसलंय?”

“नाही.”

“म्हणजे तिनं बोट दाखवलं ते भट्टीवाल्याकडे.”

“तिनं कुणाकडे दाखवलं हे कागदावर नाही. कागदावर सदतीस आहे, आणि सदतीस तिथं नव्हता. एवढंच.”

“हे सांगितलंस तर काय होईल?”

“सदतीस सुटेल.”

“आणि तो दुसरा?”

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“कल्याणी, अकरा वर्षं झाली. त्या वस्तीतल्या लोकांनी काय काय सोसलंय ते तुला माहीत आहे. त्यांना एक तरी माणूस सापडलाय असं वाटतंय. उद्या म्हणतील, आपल्याच बाईनं सोडवला.”

“म्हणतील.”

“मग?”

“अहो, टेम्पोवाला तिथं नव्हता,” कल्याणीबाई म्हणाल्या. “मी त्याची गैरहजेरी लिहिली आहे. माझ्या हातानं.”

उत्तरेश्वर आत गेले. थोड्या वेळानं त्यांनी चहा करून आणला आणि कप कागदांपासून लांब ठेवला.

*

सोवनींनी वही दोनदा वाचली. मग चेंबरचं दार लावून घेतलं.

“आधीच्या साहेबांच्या वेळचं आहे हे. तुमच्या वेळचंही आहे.”

“हो साहेब. माझ्याकडून स्पष्टीकरण मागितलं तर मी लिहून देईन.”

“ते मी नाही म्हटलं.” त्यांनी चष्मा काढला. “म्हातारी आहे अजून?”

“आहे.”

“तिला पुन्हा बोलावू. दुसरा मार्ग नाही.”

चंद्रभागाबाई आल्या तो दिवस गुरुवार होता. पंचाहत्तरीच्या आसपास, पांढरं पातळ, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात मोतीबिंदू वाढलेला. आरोपींच्या चिठ्ठ्या काढून घेतल्या होत्या आणि त्यांना वाटेल तसं बसवलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कल्याणीबाईंसमोर ती माणसं आकड्यांशिवाय बसली होती. तरी त्यांना प्रत्येक जण ओळखू येत होता. एकेचाळीस चौथ्या बाकावर भिंतीकडून दुसरा. पूर्वी सडपातळ होता, मिशा होत्या. आता टक्कल, पांढरी दाढी, अंग सुटलेलं.

सोवनी म्हणाले, “आजी, घाबरायचं काही कारण नाही. जवळ जाऊन बघा. डबा ओतणारा माणूस यांच्यात दिसतो का?”

चंद्रभागाबाई बाकांच्या मधून हळूहळू चालू लागल्या. एकेका माणसापुढे वाकून, डोळे बारीक करून बघायच्या आणि पुढे सरकायच्या. पंखा फिरत होता, बाकी आवाज नव्हता. चौथ्या बाकापाशी त्या थांबल्या. भिंतीकडून दुसऱ्या माणसापुढे वाकल्या. त्यानं मान खाली घातली होती.

कल्याणीबाईंच्या पेनाचं टोक कागदावर टेकलेलं होतं. एक शब्द, एक खोकला, मान किंचित हलवली असती तरी म्हातारीला पुरलं असतं. त्यांनी नजर कागदावर नेली आणि तिथंच ठेवली.

म्हातारी तिथं फार वेळ उभी राहिली. मग पुढे गेली.

“सायेब,” पुन्हा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन तिनं कठडा धरला. “त्या दिशी मी वळखला व्हता. बोट दावलं व्हतं. आता डोळं गेलं. समदी तोंडं सारकीच दिसत्यात. एकापाशी मन अडलं माझं, पन ते मन हाय, डोळा न्हाई. अंदाजानं कुनाचं नाव घेऊ? त्याला बी आई आसंल.”

एकेचाळीसचे वकील न विचारता उठले आणि उलटतपासणी नाही म्हणून बसले.

कल्याणीबाईंनी रोजनामा लिहिला. ‘साक्षीदाराने कोणत्याही आरोपीस ओळखले नाही.’ अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं.

*

निकाल चार महिन्यांनी लागला. सोवनींनी तो मराठीत लिहिला होता, सातशे बारा पानं. त्यात प्रत्येक आरोपीचा वेगळा परिच्छेद होता. एकवीस जणांना शिक्षा झाली, चौतीस सुटले. सदतीस सुटला. एकेचाळीसला जमावात सामील होऊन घरं जाळल्याबद्दल सात वर्षं झाली, दुसऱ्या साक्षीदारांवरून. खुनाच्या आरोपातून तो संशयाचा फायदा मिळून सुटला. खून कुणाच्या हातून झाला हे सातशे बारा पानांत कुठंही ठरलं नाही.

पान चारशे सहावर एक वाक्य होतं. ‘या न्यायालयाच्या बेंच क्लार्क यांनी ठेवलेली हजेरीवही नसती, तर एका निर्दोष इसमास शिक्षा होण्याचा गंभीर धोका होता.’

उत्तरेश्वरांनी घरी ते मोठ्यानं वाचलं. “नाव नाही लिहिलं तुझं.”

“पद लिहिलंय की.”

“चौतीस सुटले ते.”

“एकविसांना झाली. अशा खटल्यात एकवीस माणसांची शिक्षा, आणि प्रत्येकाच्या नावावर त्याचा त्याचा पुरावा. वरच्या कोर्टात जाऊ देत. एक कागद हलणार नाही.” हे म्हणताना कल्याणीबाई ताठ बसल्या होत्या. असं बोलणं त्यांच्या तोंडी नवं होतं, आणि उत्तरेश्वरांनी ते मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मग त्यांनी त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून लातूरला नातेवाइकांना पाठवला.

निकालाच्या आठवड्यात वस्तीतली काही तरुण मुलं कोर्टात आली होती. त्यातल्या एकानं कल्याणीबाईंच्या टेबलासमोर उभं राहून विचारलं, “मॅडम, तुम्ही आपल्याच ना?” त्या “हो” म्हणाल्या. तो आणखी काही बोलेल म्हणून त्या थांबल्या. तो निघून गेला.

चंद्रभागाबाई नंतर, एका दुपारच्या सुट्टीत, एकट्याच आल्या. आंबेसरहून दोन बस बदलून. कोर्ट रिकामं होतं. कल्याणीबाई डबा उघडून बसल्या होत्या.

“बाई, त्यो निकालाचा कागद मला बी मिळंल का?”

“मिळेल, आजी. बसा. पण वाचून कोण दाखवणार?”

“समदा नको वाचाया. ह्यात माझ्या समाधानचं नाव कुटं हाय तेवढं दाव.”

कल्याणीबाईंनी डबा बंद केला, हात धुतले आणि निकालाचा गठ्ठा समोर घेतला. नाव पहिल्यांदा पान तीनवर होतं. त्यांनी म्हातारीचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. मग पान अकरा, पान अकरावरच खाली आणखी एकदा, पान एकोणतीस. प्रत्येक ठिकाणी त्या ओळ वाचत होत्या. “मयत समाधान हा घरात तापाने झोपलेला होता.” “मयत समाधान याचे प्रेत.” “मयत समाधान याची आई.”

“किती डाव हाय?”

“पुष्कळ. शंभराच्या वर असेल.”

“दावा समदं. मला कुटं जायचं न्हाई.”

“मयत समाधान यास—”

चंद्रभागाबाईंनी कागदावरचं बोट उचललं आणि त्यांच्या मनगटावर ठेवलं.

“ते मयत सोडून वाच गं,” त्या म्हणाल्या. “नुसतं नाव घे.”

कल्याणीबाईंनी पान उलटलं. ओळ शोधली, म्हातारीचं बोट पुन्हा तिच्यावर नेऊन ठेवलं.

“समाधान,” त्यांनी वाचलं. आणि पुढचं पान काढलं.